मुंजाजीची सेटिंग

मुंजाजी देवकते याने आठ वर्षं व्हॉलीबॉलवर पोट भरलं, आणि त्या आठ वर्षांत त्याने चेंडू जोरात हाणलाय असं फारसं कोणी पाहिलं नाही. तो सेटर होता. पहिल्याने आलेला चेंडू उचलायचा, दुसऱ्याने, म्हणजे मुंजाजीने, तो बोटांच्या टोकांवर घेऊन नेटच्या वर नेमक्या जागी ठेवायचा, आणि तिसऱ्याने उडी मारून तो पलीकडे आदळायचा. टाळ्या तिसऱ्याला मिळायच्या. चेंडू चुकीच्या जागी पडला तर शिव्या मात्र दुसऱ्याच्या वाट्याला यायच्या.

चुडाव्याजवळच्या त्याच्या वस्तीवर मेंढरं राखणारी पंधरा-वीस घरं. पूर्ण्याच्या शाळेत खेळाच्या मास्तरांनी त्याची लांब बोटं पाहिली, तिथून तो जिल्ह्याला, मग राज्याला आणि शेवटी दक्षिणेतल्या एका मोठ्या शहराच्या व्यावसायिक संघात जाऊन पोचला. सामने मोबाइलवर दिसायचे. त्याची माय कासाबाई शेजारच्या पोराचा फोन धरून बसायची, आणि मुंजाजी सुट्टीला आला की हटकून विचारायची, "सगळे मारायलेत, तू एकटाच नुसतं वर फेकायलास. तुला मारू देईनात का रं?"

"माय, माझं कामच ते हाय."

"मग मारायला शिकून घे की. बाकीची पोरं शिकलेत, तुलाच काय झालंय?"

एका वर्षी त्यांचा संघ लीग जिंकला. शेवटचा गुण मुंजाजीने पाठीमागे न बघता टाकलेल्या चेंडूवर मिळाला. समोरचे तिन्ही उंच गडी फसून उलट्या बाजूला उडाले आणि मारणाऱ्यापुढे मोकळं रान राहिलं. दुसऱ्या दिवशी पेपरात रंगीत फोटो आला. त्यात मारणारा हवेत होता आणि कडेला, चौकटीत जेमतेम मावलेले, मनगटापर्यंतचे दोन हात होते. मुंजाजीने तो अंक घरी आणला. शेजारणींनी हवेतल्या गड्यालाच मुंजाजी समजून "लय दांडगा झालाय की" असं कौतुक केलं, आणि कासाबाईने ते खोडून काढलं नाही.

पुढे त्याच्या उजव्या हाताचं एक बोट दोनदा मोडलं. मारणाऱ्याचं बोट मोडलं तर तो पट्टी बांधून मारतो, पण सेटरचं बोट म्हणजे सनईवाल्याचा ओठ. संघाने नवा करार केला नाही. बत्तिसाव्या वर्षी दोन बॅगा आणि जाळीच्या पिशवीत चार चेंडू घेऊन मुंजाजी चुडाव्याच्या स्टेशनावर उतरला.

गावाने मारुतीच्या देवळापुढे सत्कार ठेवला. पुढाकार माजी सरपंच माणिकराव यांचा. माणिकरावांना भाषणाची हौस होती आणि व्हॉलीबॉलची काहीच माहिती नव्हती. मंडपात शिरता शिरता त्यांनी मुंजाजीला बाजूला घेऊन विचारलं, "तुमी तिथं नेमकं काय होतात?"

"सेटर."

माणिकरावांच्या चेहऱ्यावर एकदम आदर उमटला. माइकसमोर ते म्हणाले, "आपल्या मातीतला हा माणूस आठ वर्षं एवढ्या मोठ्या शहरात सेटर होता. ध्यानात घ्या, सेटर. चेंडू कोणाकडं जायचा, कवा जायचा, कोणी मारायचा अन् कोणी नुसतं बघत बसायचं, हे सगळं ह्यो ठरवायचा. अन् सोता कुठं दिसायचा न्हाई."

भाषणातला एकही शब्द खोटा नव्हता. पण गावाला सेटिंग म्हणजे काय ते शिकवायची गरज नव्हती. बदली, नेमणूक, दाखला, पोराचा हॉस्टेलचा नंबर, जे सरळ होत नाही ते सेटिंगनेच होतं, आणि जे सरळ झालेलं दिसतं तेही आतून कोणीतरी सेटिंग लावल्यामुळेच झालेलं असतं, अशी तिथली पक्की समजूत होती. फक्त गावात आजवर हक्काचा माणूस नव्हता. लोकांनी मुंजाजीकडे नव्याने पाहिलं. टाळ्या वाजल्या, पण अदबीने, हळू वाजल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमृत आला. हा एस.टी.त कंडक्टर, नोकरी घरापासून दोनशे किलोमीटरवर, आणि पाच वर्षांपासून बदलीच्या खटपटीत. वयाने मुंजाजीपेक्षा मोठा, तरी चप्पल बाहेर काढून उंबऱ्याशी बसला.

"मुंजाजीराव, आपलं जरा गंगाखेड डेपोचं बघा की."

"अमृतदादा, मी चेंडू खेळत होतो. माझी कुठंच वळख न्हाई."

"बराबर हाय. उघड थोडंच बोलता येतंय."

"आवं, खरंच न्हाई."

"मग मी आलोच न्हाई असं समजा," अमृत उठत म्हणाला आणि जाता जाता अर्जाची झेरॉक्स पाण्याच्या तांब्याखाली ठेवून गेला.

तीन आठवड्यांनी बदल्यांची यादी लागली. अमृतचा नंबर ज्येष्ठतेने त्या वर्षी लागणारच होता, आणि ते त्यालाही ठाऊक होतं. पण नंबर लागणं आणि काम होणं यात त्याच्या लेखी फरक होता. तो अर्धा किलो पेढे घेऊन आला. मुंजाजीने पुन्हा सांगितलं की मी काहीच केलेलं नाही. अमृतने डोळे मिटून मान हलवली, देवाने 'मी काही केलं नाही' म्हटलं तर भक्त जशी हलवेल तशी.

मग माणसं यायला लागली. कोणाला विहिरीची मंजुरी हवी होती, कोणाला जावयासाठी नोकरी. मुंजाजी सगळ्यांना नाही म्हणायचा. निम्मी कामं जशी व्हायची तशी होत, आणि तेवढ्यांचे पेढे येत. उरलेली होत नसत. त्यांच्याबद्दल लोक आपसात म्हणत, मुंजाजीरावाच्या मनात नसंल.

इथे मुंजाजीचं थोडं चुकलं. आठ वर्षं त्याने माणसांना गुण मिळवून दिले होते आणि सामना संपल्यावर त्यांच्यामागे टॉवेल खांद्यावर टाकून चालला होता. आता पाराजवळून गेलं की माणसं उठून उभी राहत. हॉटेलात चहा सांगायच्या आधी समोर येई. हे गोड लागतं. एका दुपारी नर्मदाबाई नावाची म्हातारी निराधार पगाराचा कागद घेऊन आली, तेव्हा तिला 'नाही' म्हणायचा त्याला कंटाळा आला आणि तो म्हणाला, "बघू."

त्या दिवसापासून तो सगळ्यांनाच 'बघू' म्हणायला लागला. खोटं बोलल्यासारखंही वाटेना आणि समोरचा खूश होऊन जाई.

अशात दत्तराव आले. चार एकर कोरडवाहू, कापूस आणि सोयाबीन, आणि एकुलती मुलगी अपेक्षा. ती अकरावीत होती आणि उंची पाच फूट दहा इंच. तिच्या उंचीची काळजी घरापेक्षा गावाला जास्त होती.

"पोरगी लय उंच झालीय," दत्तराव म्हणाले. "स्थळाला अडचन यायलीय. खेळात कुठं बसवता आली तर बघा."

मुंजाजीने त्या पोरीकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला डोकं लागू नये म्हणून सवयीने मान वाकवून उभी होती, आणि हात गुडघ्यापर्यंत येतील इतके लांब. कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडून 'बघू' निघालं नाही.

"बसवता येणार न्हाई," तो म्हणाला. "उभी करता येईल. रोज सकाळी साडेपाचला पाठवा."

शाळेमागच्या पडीक जागेत त्याने दोन वासे रोवले, जाळं बांधलं, दगड वेचले. सुरुवातीला अपेक्षा चेंडू खाली यायला लागल्यावर उडी मारायची आणि हात नुसता वाऱ्याला लागायचा.

"चेंडूची वाट बघायलीस तू," मुंजाजी म्हणाला. "माझ्या हाताला लागायच्या आधी तुझी दोन पावलं पडलेली पायजेत."

"अन् तुमी टाकलाच न्हाई तर?"

"टाकणार."

"कशावरून?"

"आठ वर्षं तेवढंच केलंय."

ती पोरगी तोंडाने फटकळ होती आणि अंगाने चिवट. फेब्रुवारीपर्यंत तिला वेळ साधायला लागली. मुंजाजीचं वाकडं बोट थंडीत ठणकायचं, पण चेंडू सोडला की डोळे मिटून तो नुसत्या आवाजावरून ओळखायचा की हात बरोबर मध्ये बसला. त्या पडीक जागेत बघायला चार शेळ्या असायच्या. त्यालाही काही हरकत नव्हती.

पुढच्या हंगामात ती जिल्ह्याच्या चाचणीला गेली, तिथून विभागाला, तिथून राज्याला. एकाही ठिकाणी मुंजाजी तिच्यासोबत गेला नाही. तो मुद्दाम घरी राहिला. कोणाशी दोन शब्द बोलताना दिसलो तर लोक नको तो अर्थ काढतील, एवढी अक्कल त्याला आली होती. अपेक्षाची राज्याच्या मुलींच्या संघात निवड झाली. गावात बातमी आली तेव्हा तो वस्तीवर मेंढरांना पाणी दाखवत होता.

"जायची गरजबी पडली न्हाई," पारावर लोक म्हणाले. "घरबसल्या काम. याला मनतेत वजन."

त्याच संध्याकाळी दत्तराव शेला आणि नारळ घेऊन आले. सोबत दहा-बारा माणसं होती. त्यांनी सगळ्यांसमोर मुंजाजीच्या पायाला हात लावला आणि म्हणाले, "तुमच्यामुळं झालं. पोरीला कुठलं जमायला." अपेक्षा मागे उभी होती. तिच्या खांद्यावर प्रवासाची बॅग अजून तशीच होती, आणि पेढा तिला कोणी दिलाच नव्हता.

माणसं गेल्यावर ती परत आली.

"सर, खरं सांगा. तुमी फोन लावला होता?"

"न्हाई."

"कोणाला निरोप?"

"कोणालाच न्हाई. तू चांगली खेळलीस मनून घेतलं."

"अमृतकाकालाबी तुमी न्हाईच मनला होतात. आमच्या बापालाबी बसवता येणार न्हाई मनलात. न्हाई मनायची तुमची रीतच हाय मनतेत सगळे." तिचा आवाज चढला नव्हता. "दीडशे पोरी होत्या तिथं. माझ्या चेंडूनं एकीचं मनगट लचकलं. अन् इथं आले तर बाप मनतोय, मुंजाजीरावाची मेहरबानी."

"मी पुन्हा सांगतो त्यांना."

"काय सांगताव? नर्मदाआजीला बघू मनला होतात का न्हाई?"

ती गेल्यावर मुंजाजीने पेपराचा तो जुना अंक काढून पाहिला. पेपरातल्या त्या फोटोत त्याचे नुसते हात उरले होते, तेव्हा त्याला वाईट वाटलं होतं. आता गावाच्या फोटोत त्या पोरीचा पत्ता नव्हता आणि सगळी चौकट भरून त्याचेच हात होते.

ग्रामसभेत तो उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा माइक हातात धरला आणि सांगितलं की माझी कुठेही ओळख नाही, मी कोणाचंही काम केलेलं नाही, अमृतदादाची बदली त्यांच्या नंबरानं झाली आणि अपेक्षा स्वतःच्या जोरावर निवडली गेली. मग माणिकराव उठले आणि भरल्या आवाजात म्हणाले, "मोठेपणा याला मनतेत. करून सवरून नामानिराळं." टाळ्या सत्कारापेक्षा जास्त पडल्या.

सरळ सांगून भागत नाही म्हटल्यावर मुंजाजीने दुसरी वाट धरली. तोंडघशी पडायचं ठरवलं. एवढं उघड, एवढं मोठं, की कोणाला शंकाच राहू नये. संधी माणिकरावांनीच आणून दिली. पंचायत समितीची निवडणूक लागली होती आणि त्यांना पक्षाचं तिकीट हवं होतं. हॉटेलात, वीस माणसांसमोर, त्यांनी विषय काढला. मुंजाजीने चहाचा कप खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माणिकराव, तुमचं काम मी शंभर टक्के करतो. न्हाई झालं तर माझ्याकडं पुन्हा कोणी येऊ नका."

हॉटेलवाल्याने फडकं थांबवलं. असा शब्द मुंजाजीने कोणालाच दिला नव्हता. माणिकरावांनी त्या भरवशावर इतरत्र फिरणंच सोडलं. मुंजाजीने महिनाभर फोनला हात लावला नाही.

तिकीट शिवशंकर नावाच्या एका गरीब स्वभावाच्या माणसाला मिळालं. त्याचं नाव शर्यतीत कोणी धरलंच नव्हतं. बातमी आली त्या सकाळी मुंजाजी मुद्दाम पारावर जाऊन बसला, लोकांनी हसावं म्हणून. कोणी हसलं नाही. लोक त्याच्यापासून थोडं लांब, मानाने उभे राहिले.

उलगडा अमृतने केला. त्याने मोबाइलवर व्हॉलीबॉलचे दोन-चार व्हिडिओ पाहिले होते. "सेटरचं कसं असतंय," तो जमलेल्यांना सांगत होता, "उडी मारतो, दोनी हात वर. सगळ्यांना वाटतंय आता मारणाऱ्याला देणार. समोरचे सगळे तिकडंच बघायलेत. अन् ह्यो एका हातानं हळूच पलीकडं टाकतो. चेंडू पडल्यावर कळतंय. माणिकरावाला नुसतं वर धरलं, अन् टाकलं शिवशंकरला."

त्या गावात मुंजाजीचा खेळ इतका बिनचूक कोणी पहिल्यांदाच सांगितला होता. तो ऐकत राहिला. दुपारी शिवशंकर शाल घेऊन आला आणि रडला. संध्याकाळी माणिकराव आले. मुंजाजीला वाटलं, आता तरी शिव्या मिळतील. माणिकराव खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "माझंच कुठंतरी चुकलं असंल. पुढल्या टायमाला ध्यान ठेवा."

दुसऱ्या दिवशी मुंजाजी दत्तरावांच्या शेतावर गेला. अपेक्षा आखाड्याच्या, म्हणजे शेतातल्या कोठ्याच्या, भिंतीवर चेंडू आपटत होती. दोन दिवसांनी तिला शिबिराला निघायचं होतं. त्याने सगळं सांगितलं, माणिकरावांचं, शिवशंकरचं, आणि शेवटी म्हणाला, "माझ्याच्यानं हे निस्तरंना. माफ कर."

ती चेंडू आपटत राहिली. मग थांबून म्हणाली, "जाऊ द्या, बोलू द्या त्यांना. नेटच्या पलीकडच्या पोरी आपल्या गावच्या न्हाईत. तुमचं नाव ऐकून त्या काय हात खाली घेत न्हाईत."

मुंजाजीला हलकं वाटलं, आणि थोडं लागलंही.

शिबिरानंतरच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिचा संघ उपांत्य सामन्यात हरला. शेवटचे दोन चेंडू तिनेच नेटमध्ये घातले. घोटा सुजवून ती घरी आली तेव्हा गावात मुंजाजीचं नाव कोणी काढलं नाही. पोरीनं घाण केली, असं सगळे म्हणाले. मुंजाजी तिला भेटायला गेला, काय बोलावं याची जुळवाजुळव करत. तीच आधी बोलली.

"निदान हे तरी माझं हाय," ती म्हणाली आणि घोट्यावरचा बर्फ सरकवून घेतला.

त्यानंतर एक नवीनच गोष्ट सुरू झाली. मुलींचे बाप यायला लागले. कोणाची सातवीत, कोणाची नववीत. आमचीलाबी खेळात लावा, तेवढं नोकरीचं काम होतंय. मुंजाजीने पहिल्या बापाला खरं सांगितलं, की सेटिंग नाही, मी खेळ शिकवतो, पोरीला पाठवा. बाप हो म्हणाला आणि पोरगी आलीच नाही. सकाळची भांडी असतात, शेळ्या सोडायच्या असतात. नुसत्या खेळासाठी पोरीला कोण मोकळी ठेवणार.

दुसऱ्या बापाला त्याने वेगळं सांगितलं. "करतो. पर ह्या कामाला तीन वर्षं लागतेत. पोरगी रोज साडेपाचला मैदानावर दिसली पायजे. एक दिवस चुकली की लावलेली सेटिंग तुटती. अन् मधी तिचं लग्न काढलं तर मी मोकळा."

पोरगी दुसऱ्या दिवशी पाच वाजून दहा मिनिटांनी हजर होती. बाप सोबत आला होता, मोबाइलचा उजेड धरून.

महिनाभरात चौदा मुली झाल्या. एकीच्या घरी पाहुणे बघायला येणार होते. तिच्या बापाने त्यांना परस्पर परत पाठवलं. मुंजाजीराव नाराज होतील म्हणून. अपेक्षाला हे कळलं तेव्हा ती मैदानावर येऊन कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"सर, तुमी पुन्हा खोटंच बोलायलाव."

"व्हय."

तिने चौदा मुलींकडे पाहिलं. त्यातल्या नऊ अनवाणी होत्या. "वरून सर्व्हिस मी शिकवते," ती म्हणाली. "तुमच्याच्यानं त्या बोटानं होत न्हाई ते."

माणिकराव सगळ्यात शेवटी आले. नातीला घेऊन. राजेश्री नाव तिचं, वय अकरा, वेण्या घट्ट आणि नजर थेट आजोबांसारखी. माणिकराव नमस्कार करून लगेच गेले. असल्या कामात जास्त वेळ थांबू नये हे त्यांना कळत होतं. नात मात्र जागची हलली नाही.

"तुमी फोन कवा लावणार?" तिने विचारलं.

"कोणाला?"

"आबा मनले, वर."

मुंजाजीने जाळीच्या पिशवीतून एक चेंडू काढून तिच्या हातात दिला. "आधी ह्यो डोक्याच्या वर बोटांनी उडवायचा. सलग शंभर. खाली पडला की पुन्हा एकपासून."

राजेश्रीने चेंडू उलटसुलट करून पाहिला. कागद आहे का कुठे, अशा नजरेने. मग वर फेकला. चौथा तिच्या नाकावर बसला. तिने नाक चोळलं, इकडेतिकडे कोणी हसतंय का ते पाहिलं आणि पुन्हा एकपासून मोजायला लागली. सातव्या वेळी ती अकरापर्यंत पोचली.

"गुडघे वाकव," मुंजाजी म्हणाला, आणि पुढच्या मुलीकडे वळला.